अहवालातला 'क्रामेर व्ही' कसा वाचायचा?

सर्वेक्षणाचा अहवाल हाती आला की बरेच ग्राहक आधी पी-व्हॅल्यू शोधतात, म्हणजे दोन गोष्टींत संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली दिसली की फोन येतो, "म्हणजे संबंध आहे ना?" असावा. पण तो किती घट्ट आहे, हे पी-व्हॅल्यूवरून कळत नाही. त्यासाठी शेजारच्या रकान्यात आम्ही क्रामेर व्ही देतो. स्वीडनचे गणिती हराल्ड क्रामेर यांच्या नावाचा हा आकडा ० ते १ मध्ये असतो. ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पुरता संबंध.

ग्राहकांची माहिती आम्ही दुसऱ्याला दाखवत नाही, म्हणून उदाहरण टायटॅनिकचं घेऊ. १९१२ च्या त्या दुर्घटनेच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात २,२०१ जण आहेत, त्यांतले ७११ वाचले. तिकिटाच्या वर्गाचा जगण्या-मरण्याशी काहीच संबंध नसता, तर पहिल्या वर्गातले साधारण १०५ वाचायला हवे होते, वाचले २०३. तिसऱ्या वर्गातले २२८ अपेक्षित, वाचले १७८. दुसरा वर्ग आणि खलाशी-कर्मचारी धरून अशा सगळ्या तफावतींचा हिशेब म्हणजे काय-स्क्वेअर. तो येतो १९०.४.

आकडा दांडगा वाटतो, पण त्यात माणसांची संख्याही मुरलेली असते. टक्केवारी तीच ठेवून माणसं दहापट केली, की काय-स्क्वेअरही दहापट होतो. म्हणून त्याला २,२०१ ने भागायचं. मग तक्त्यातल्या ओळी आणि रकाने यांपैकी जी संख्या लहान, तिच्यातून एक वजा करून त्यानेही भागायचं (इथे 'वाचले' आणि 'वाचले नाहीत' असे दोनच गट, म्हणून २ वजा १, म्हणजे १) आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर ०.२९.

स्त्री-पुरुष असा तक्ता केला तर व्ही येतो ०.४६. स्त्रिया ७३ टक्के वाचल्या, पुरुष २१ टक्के. दोन्ही तक्त्यांची पी-व्हॅल्यू जवळजवळ शून्यच. कुठला संबंध जास्त घट्ट, ते व्हीमुळेच कळलं.

०.१ कमी, ०.३ मध्यम, ०.५ जास्त अशी एक पट्टी प्रचलित आहे. आम्ही ती अहवालात छापत नाही. शेजारची टक्केवारी पाहून तुम्हीच ठरवलेलं बरं. शिवाय व्ही कारण सांगत नाही, दिशाही नाही. 'नाराज, ठीक, खूश' अशा चढत्या उत्तरांचा क्रम तो विचारातच घेत नाही, तिथे आम्ही दुसरं माप वापरतो.

तुमचा तक्ता पाठवताना नुसते टक्के नकोत, मोजलेले आकडे पाठवा. एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी निघाली, तर कोणते गट एकत्र करायचे ते आधी तुम्हाला विचारू.