उद्यानवाटा, खानदेशातील

उद्यानवाटा, खानदेशातील : शहरातील बागा, तलावांचे काठ आणि वनोद्याने यांमधून पायी फिरण्यासाठी व सायकलसाठी असलेल्या वाटा. बोलण्यात त्यांना सरसकट ‘जॉगिंग ट्रॅक’ म्हणतात, धावणारे मोजकेच असले तरी. सायकलला वेगळी पट्टी क्वचितच मिळते. चालणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर जुळवून घेतात.

या वाटांचे वेळापत्रक ऊन ठरवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे वर्दळ पहाटे पाच ते साडेसात आणि थेट दिवेलागणीनंतर. सागासारखी पानझडी झाडे नेमकी याच दिवसांत उघडी पडतात. कडुनिंबाला मात्र चैत्रात नवी पालवी असते, म्हणून वाटेच्या कडेला तोच उपयोगी.

दुसरी अडचण जमिनीची. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर ब्लॉक काही पावसाळ्यांतच वरखाली होतात, मग सायकलचा प्रत्येक हादरा मनगटाला कळतो. वरची काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि कडेने चर ठेवायचा, ही जुनी पद्धत दिसायला साधी, पण पायांना व चाकांना तीच मानवते. कच्च्या वाटेवर जुलैत सायकल घातली, तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो की ती उचलूनच न्यावी लागते.

जळगावात मेहरूण तलावाचा काठ फिरणाऱ्यांच्या आवडीचा. मेहरूणची बोरेही प्रसिद्ध आहेत. काव्यरत्नावली चौकाजवळचे भाऊंचे उद्यान घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छोट्या फेऱ्यांना सोयीचे. मोहाडी रस्त्यावरचे लांडोरखोरी हे वनखात्याचे वनोद्यान असून झाडोऱ्यातली वाट हवी असणाऱ्यांनी तेथेच जावे.

धुळ्यात पांझरेचा काठ शहरातच आहे, तर नकाणे तलाव आणि मुंबई-आग्रा महामार्गालगतचे लळिंग कुरण बाहेर पडते. कुरणाचा चढ सायकलवाल्यांचा दम काढतो. तेथील लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये मुक्कामी होते. त्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठी गर्दी लोटते. नुसत्या रपेटीसाठी त्या दिवशी सायकल काढू नये.