शिळ्या भाकरीत रात्रीतून काय घडतं?

दिवाळीत परभणीजवळच्या आमच्या गावी गेलो, तर चुलतीनं साखरेची गोळी बंद केलेली. मोबाइलवर निरोप आला होता: रोज सकाळी शिळी भाकर ताकात कुस्करून खा, मधुमेह मुळासकट जातो, बी-१२ जीवनसत्त्व भरून निघतं. डॉक्टरांशी बोलून गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. पण निरोपातला एक धागा खरा होता: रात्रभर निवलेल्या भाकरीतला थोडा स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग, खरंच न पचता पुढं जातो. तो मला फार आवडतो, म्हणून हे लिहितोय.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून धरणारं प्रथिन, नसतं. मग भाकर थापताना पीठ एकत्र राहतं कशानं? आधणाच्या पाण्यानं. उकळतं पाणी पडलं की पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि उरलेल्या पिठाला धरून ठेवतात. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजू लागतो, गव्हाचा त्याच्या बराच आधी. म्हणूनच कोमट पाण्यात मळलेल्या भाकरीला कडेनं चिरा पडतात.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब माळा. त्यातल्या साधारण पाव हिस्सा माळा जवळजवळ सरळ असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. बाकीच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या अमायलोपेक्टिन. कच्च्या दाण्यात या सगळ्या दाटीनं रचलेल्या असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की रचना मोडते, माळा सुट्या होतात. तव्यावरून उतरलेल्या भाकरीत त्या अशाच मोकळ्या असतात. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे विकर त्यांना झपाट्यानं तोडतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं.

आता तीच भाकर दुरडीत रात्रभर निवू द्या. अमायलोजच्या सरळ माळा एकमेकींजवळ सरकतात आणि दोन-दोन माळा सुंभासारखा पीळ घेतात. या पिळाच्या एका वेढ्यात प्रत्येक माळेचे सहा ग्लुकोज येतात आणि हायड्रोजन बंध तो पीळ आवळून धरतात. असे अनेक पीळ शेजारी-शेजारी लागले की बारीक स्फटिक तयार होतात. या क्रियेला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. अमायलेजच्या अंगावर एक खाच असते. तिच्यात एकेरी, मोकळी माळ बसते आणि तिथंच ती तुटते. दुहेरी पीळ त्या खाचेत मावत नाही. त्यामुळं स्टार्चचा हा भाग लहान आतड्यातून न पचताच पुढं जातो. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या हान्स एंग्लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्टार्चला 'रेझिस्टंट स्टार्च' हे नाव दिलं. आपण त्याला चिवट स्टार्च म्हणू.

'पण आम्ही शिळी भाकर तव्यावर गरम करून खातो, मग?' हे चुलतीनंच विचारलं, आणि प्रश्न अगदी नेमका होता. अमायलोपेक्टिनच्या फांद्याही हळूहळू, काही दिवसांत, स्फटिक बनवतात, पण ते कच्चे असतात. साधारण ६० अंशांपर्यंत विरघळतात, म्हणून गरम केलेली भाकर पुन्हा मऊ होते. अमायलोजचे स्फटिक विरघळायला मात्र १०० अंशांच्या बरंच वर जावं लागतं. ओलावा असलेली भाकर आतून तितकी तापत नाही. ती मऊ झाली तरी चिवट स्टार्च बराचसा शाबूत राहतो.

मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणू हा स्टार्च आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. तिथल्या अस्तराच्या पेशींचं हेच मुख्य इंधन.

आता प्रमाण बघू. एका भाकरीतला चिवट स्टार्च काही ग्रॅमच भरतो. बाकीचा स्टार्च नेहमीसारखा पचतो आणि साखर वाढवतोच. त्याच्या जोरावर गोळी सोडणं धोक्याचं आहे. बी-१२ तर ज्वारीत नसतंच. ते फक्त काही जिवाणू बनवतात, आणि दुरडीतल्या भाकरीवर ते पुरेसं तयार होईल असं मानायला आधार नाही. उलट पावसाळ्यात दमट भाकरीवर बुरशी धरते. तशी भाकर वरवर खरवडूनही खाऊ नये. खडखडीत वाळवलेले कुटके टिकतात, कारण बुरशीला लागणारं पाणीच त्यात उरत नाही.

नुसत्या ज्वारीवर पोट भरण्याचा धोकाही या भागानं पाहिलेला आहे. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा दिसायचा. या रोगात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या (प्रथिनांचा एक घटक) जास्त प्रमाणाशी जोडला. पुढं त्यावर बराच वाद झाला, पण पेलाग्रा बाजूला ठेवला तरी ज्वारीत लायसिन हे दुसरं गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं हे पक्कं आहे, आणि डाळींत ते भरपूर असतं.

म्हणून चुलतीला सांगितलं: शिळी भाकर खुशाल खा, पण दोनाऐवजी दीड, आणि उरलेल्या अर्धीच्या जागी वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ. साखर दर महिन्याला तपासायची, आणि गोळीचं काय ते डॉक्टर ठरवतील.