पाऊण मिनिटानंतरचं जहाज

कॉरिओलिस परिणाम म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे चालत्या वस्तूचं बाजूला सरकणं. त्याचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली म्हणजे बेसिनमधलं पाणी विषुववृत्ताच्या उत्तरेला एका दिशेने आणि दक्षिणेला उलट दिशेने गोल फिरत जातं. हे साफ चूक आहे. एवढ्याशा पाण्याची दिशा बेसिनचा आकार आणि नळ कसा सोडला होता यावर ठरते, त्यात पृथ्वी लक्ष घालत नाही. दुसरी गोष्ट जास्त चलाख आहे, म्हणून शिकलेले लोकही ती सांगतात. डिसेंबर १९१४ मध्ये दक्षिण गोलार्धात, फॉकलंड बेटांजवळ, ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची लढाई झाली. ब्रिटिश तोफांच्या नेमयंत्रात उत्तर गोलार्धाची कॉरिओलिस दुरुस्ती बसवलेली होती, ती दक्षिणेत उलटी पडली आणि गोळे जर्मन जहाजांच्या शंभर यार्ड डावीकडे पडत राहिले, असा तो किस्सा.

गणित करून पाहू. पृथ्वीच्या फिरण्यामुळे गोळा बाजूला किती सरकतो? ढोबळ सूत्र सोपं आहे: पृथ्वीचा कोनीय वेग, गुणिले अक्षांशाची साइन, गुणिले अंतर, गुणिले गोळ्याचा हवेतला वेळ. फॉकलंडचा अक्षांश सुमारे ५२, अंतर चौदा किलोमीटर धरलं आणि वेळ पंचवीस सेकंद, तर उत्तर येतं वीस मीटर. दुरुस्ती खरंच उलटी बसली असती तर चूक दुप्पट, म्हणजे चाळीस मीटर. समोरची जर्मन क्रूझर ‘शार्नहोर्स्ट’ १४४ मीटर लांब होती. शिवाय गोळा पाण्यात पडला की उंच फवारा उडतो, तो दुर्बिणीतून दिसतो आणि पुढच्या बारापासून नेम सरकवता येतो. तासन्‌तास सगळे डावीकडेच बघत बसले होते, हे पटणारं नाही. त्या दिवशी ब्रिटिशांना हजाराहून जास्त मोठे गोळे खर्चावे लागले हे खरं, पण त्यात त्यांच्याच धुराड्यांच्या धुराने समोरचं दिसेनासं होणं हे कारण कितीतरी मोठं होतं.

मग खरी अडचण कशाची होती? ती सांगायला मी दुसरं जहाज घेतो, कारण ते मला फार आवडतं. ‘वॉरस्पाइट’ ही क्वीन एलिझाबेथ वर्गातली ब्रिटिश युद्धनौका १९१३ साली डेव्हनपोर्टला पाण्यात उतरली. तिच्या चार बुरुजांत, म्हणजे फिरत्या तोफघरांत, मिळून आठ तोफा होत्या, प्रत्येकीचं तोंड ३८१ मिलिमीटर व्यासाचं. एका गोळ्याचं वजन सुमारे ८८० किलो. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ती होती आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरही होती. तीस वर्षांत तोफा त्याच राहिल्या, त्यांना नेम सांगणारी यंत्रणा मात्र पार बदलली.

९ जुलै १९४०. इटलीच्या दक्षिण टोकाजवळ कॅलाब्रियाच्या समुद्रात ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅम वॉरस्पाइटवरून इटालियन ताफ्याच्या मागे लागले होते. सोबतची ‘मलाया’ही त्याच वर्गातली, तोफाही त्याच. तिने मारा केला, पण गोळे अलीकडेच पडले. वॉरस्पाइटचं १९३४ ते १९३७ या काळात नूतनीकरण झालं होतं, तेव्हा तोफा वर उचलण्याची मर्यादा २० अंशांवरून ३० अंशांवर नेली होती. मलायाच्या वाट्याला ते आलं नव्हतं. दहा अंशांनी एवढा फरक पडतो. दुपारी चारच्या सुमारास वॉरस्पाइटचा एक गोळा सुमारे २४ किलोमीटरवरच्या ‘जुलिओ चेझारे’ या इटालियन युद्धनौकेच्या मागच्या धुराड्यापाशी लागला. धूर बॉयलर-खोल्यांत ओढला गेला, चार बॉयलर बंद पडले आणि जहाजाचा वेग मंदावला. इटालियन ॲडमिरल कांपिओनी यांनी धुराचा पडदा सोडून ताफा वळवला. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजाला इतक्या दुरून लागलेले गोळे इतिहासात अगदी मोजके आहेत. आणि तेव्हा वॉरस्पाइटवर रडार नव्हतं!

आता ही गंमत नीट बघा. गोळा सेकंदाला साडेसातशे मीटर वेगाने तोफेतून निघतो, तरी २४ किलोमीटर जायला त्याला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतो. तेवढ्यात २५ नॉट वेगाने चाललेलं जहाज सुमारे ६०० मीटर पुढे गेलेलं असतं. चेझारेची लांबी १८६ मीटर. म्हणजे जहाजावर अचूक नेम धरला तर गोळा तिच्या मागे, तीन जहाजं मावतील एवढ्या अंतरावर पडणार. नेम धरायचा तो पाऊण मिनिटानंतर ती जिथे असेल तिथे.

त्यासाठी आधी ती आत्ता कुठे आहे ते कळायला हवं. दिशा दुर्बीण देते. अंतरासाठी आडवा लांबलचक अंतरमापक असे, समजा ३० फुटी, म्हणजे नऊ मीटरचा. त्याच्या दोन्ही टोकांना भिंगं. मधल्या दुर्बिणीत डोळा लावला की समोरचं जहाज आडवं कापल्यासारखं दिसतं. वरचा अर्धा भाग एका टोकाकडून येतो, खालचा दुसऱ्या टोकाकडून, आणि डोलकाठी मध्येच तुटून बाजूला सरकलेली असते. नाविकाने चाक फिरवत डोलकाठीचे दोन तुकडे जुळवायचे. जुळले की अंतर वाचायचं. तत्त्व शाळेतल्या त्रिकोणाचं, पण त्रिकोण भयंकर निमुळता. नऊ मीटरचा पाया आणि २४ किलोमीटरची बाजू, तर टोकाचा कोन जेमतेम ७८ विकला. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. त्यात फक्त दीड विकलेची चूक झाली की अंतर जवळपास ५०० मीटरने चुकतं. आणि ही चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: अंतर दुप्पट, तर चूक चौपट. हे काम हलत्या जहाजावर, धुरात, शत्रूचे गोळे आजूबाजूला पडत असताना करायचं.

एका मापावर कोणीच विसंबत नसे. अनेक मापं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि मुख्य म्हणजे अंतर किती वेगाने बदलतंय ते शोधायचं. इथून पुढचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. किचकट वाटला तर चार परिच्छेद उड्या मारून पुढे जा, राग नाही.

अंतर मिनिटाला ३०० मीटरने कमी होतंय असं समजा. तर पाच मिनिटांनी ते दीड हजार मीटरने कमी होईल का? नाही. दोन्ही जहाजं सरळ रेषेत, एकाच वेगाने चालली तरी त्यांच्यातली दिशा क्षणाक्षणाला बदलते आणि त्यामुळे जवळ येण्याचा वेगही बदलतो. आधी अंतर घटतं, मग घटणं मंदावतं, मग ते वाढूही लागतं. बदलत्या वेगाची सतत बेरीज करत राहायची म्हणजे बारावीत ज्याने घाम फोडला ते समाकलन. तेही कागदावर नव्हे, लढाई चालू असताना, न थांबता.

हे काम जहाजाच्या पोटात, चिलखती डेकच्या खाली, एका खोलीएवढं दातेरी चाकांचं यंत्र करत असे. त्याला ‘ॲडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल’ म्हणत. अशा यंत्रांचा गाभा म्हणजे एक आडवी चकती, जी ठरलेल्या गतीने फिरत राहते. जात्याच्या मधल्या खुंट्यापाशी दगड सरकल्यासारखा वाटत नाही, पण कडेला त्याच फेऱ्यात तो केवढा तरी पल्ला जातो; चकतीचंही तेच. तिच्यावर एक पोलादी गोळी टेकवलेली. गोळी केंद्रावर असेल तर ती फिरतच नाही. केंद्रापासून जितकी दूर सरकवाल, तितकी ती जोरात फिरते आणि वरच्या रुळाला फिरवते. आता केंद्रापासूनचं गोळीचं अंतर म्हणजे ‘जवळ येण्याचा वेग’ असं ठरवा. तो बदलला की गोळी सरकते, रूळ कमीजास्त फिरतो, आणि रुळाचे एकूण फेरे म्हणजे त्या बदलत्या वेगाची झालेली बेरीज. गोळी केंद्राच्या पलीकडे गेली की रूळ उलटा फिरतो, म्हणजे अंतर वाढू लागलं. ना वीज लागते, ना आकडे. जेम्स थॉमसन यांनी १८७६ साली ही कल्पना मांडली. त्यांचे भाऊ लॉर्ड केल्विन यांना ती भरती-ओहोटीच्या नोंदींचं विश्लेषण करायला हवी होती.

अशा अनेक जोडण्या टेबलमध्ये होत्या. आपला वेग, जायरो होकायंत्रावरून आपली दिशा, शत्रूच्या वेगाचा आणि दिशेचा अंदाज, वारा, हवेची घनता, तोफेच्या दारूचं तापमान, इतकंच काय, तोफेची नळी किती झिजलीय तेही त्यात घालत. झिजलेल्या नळीतून गोळा थोडा हळू निघतो, आणि सुटण्याच्या वेगात सेकंदाला एका मीटरचा फरक पडला तरी इतक्या पल्ल्यावर गोळा चाळीस-पन्नास मीटर अलीकडे पडतो. सगळ्याची गोळाबेरीज होऊन उत्तर विजेच्या तारांनी बुरुजांत जाई. बुरुजातला तोफची बहुतेक वेळा शत्रूकडे बघतही नसे. त्याच्यासमोर तबकडीवर दोन काटे असत. यंत्राने हलवलेल्या काट्यावर आपल्या तोफेचा काटा आणून ठेवायचा, एवढंच त्याचं काम.

कॉरिओलिसचं काय? कॅलाब्रियाच्या ३८ अक्षांशावर, २४ किलोमीटरला, पन्नासएक मीटर. नळीतल्या आट्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरतो आणि म्हणून उजवीकडे वाहवतो, ते सरकणंही याच्या कित्येक पट.

एवढं करूनही नेम लागेलच असं नाही. एकाच वेळी सुटलेले चार गोळे काही एकाच जागी पडत नाहीत, शेकडो मीटरच्या पट्ट्यात विखुरतात. काही फवारे लक्ष्याच्या अलीकडे, काही पलीकडे दिसले की कात्री बसली. त्यानंतर गोळा लागणं न लागणं हा शक्यतेचा खेळ. जटलंडला दोन्ही बाजूंचे शंभरातले जेमतेम तीन गोळे लागले होते. चेझारेला लागलेला गोळा तोफखान्याचं कौशल्य सांगतो तितकाच नशिबाचा भागही सांगतो, आणि ‘अचूक ब्रिटिश मारा’ असं छाती फुगवून लिहिणारे हा दुसरा भाग गाळतात. बाकीचे सगळे गोळे समुद्रात गेले होते.

या यंत्राचं एक गृहीतक होतं: शत्रू आहे त्याच वाटेने, त्याच वेगाने जात राहील. म्हणून शहाणा कप्तान मागचा फवारा जिथे उडाला तिकडेच जहाज वळवी, कारण पुढचा बार दुरुस्त होऊन दुसरीकडे पडणार. वॉरस्पाइटने मात्र जटलंडला नाइलाजाने उलटंच केलं. सुकाणू अडकलं आणि जर्मन ताफ्यासमोर ती गोल गोल फिरत राहिली. एकाच जागी घिरट्या घालणारं लक्ष्य तोफचीला आयतंच. गोळ्यांनी तिची चाळण झाली, १४ माणसं गेली, पण ती बुडाली नाही. सुकाणूच्या दुखण्याने पुढेही तिला छळलं. अशा जहाजांना ‘शापित’ ठरवणारे सगळ्याच देशांत भेटतात. शाप असता तर इतक्या वर्षांत तिने तीन-चार जहाजांचं आयुष्य कसं काढलं, हे त्यांनाच विचारा.

१९४० च्या एप्रिलमध्ये नॉर्वेत नार्विकच्या खाडीत जर्मन विनाशिकांचा फडशा पाडताना तिच्यावरूनच उडालेल्या स्वोर्डफिश विमानाने यू-६४ ही पाणबुडी बुडवली. मार्च १९४१ मध्ये ग्रीसजवळ मॅटापानच्या रात्रीच्या लढाईत अंतर होतं जेमतेम साडेतीन किलोमीटर. तिथे समाकलन कशाला? कनिंगहॅम यांनी लिहिलंय की पहिल्या सहा गोळ्यांतले पाच लागले. तीन इटालियन क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या, २,३०० हून जास्त माणसं मेली. मे महिन्यात क्रीटजवळ तिला बॉम्ब लागला, दुरुस्ती थेट अमेरिकेत झाली. १९४२ मध्ये ती हिंदी महासागरात ॲडमिरल सॉमरव्हिल यांची ध्वजनौका होती, आणि जपान्यांनी कोलंबो व त्रिंकोमालीवर हल्ले केल्यानंतर एप्रिलच्या मध्याला ती मुंबई बंदरात आली होती.

मग सप्टेंबर १९४३, इटलीत सालेर्नो. १६ तारखेला जर्मन विमानांनी तिच्यावर ‘फ्रिट्झ एक्स’ टाकले. सुमारे १,४०० किलोचा हा बॉम्ब पडताना शेपटीला ज्वाला पेटलेली असे. विमानातला माणूस त्या ज्वालेकडे बघत रेडिओने बॉम्बचे पंख हलवत राही. लक्ष्य पाऊण मिनिटाने कुठे असेल याचा हिशोब त्याला नकोच होता. चूक दिसली की वाटेतच सुधारायची. एक बॉम्ब सगळे डेक भेदून बॉयलर-खोलीत फुटला. आठवडाभर आधी अशाच बॉम्बने ‘रोमा’ ही नवीकोरी इटालियन युद्धनौका बुडवली होती.

वॉरस्पाइटला ओढत माल्टाला नेलं. फुटलेला तळ काँक्रीटने बुजवला, एक बुरूज कायमचा बंद ठेवला. ६ जून १९४४ ला उरलेल्या सहा तोफांनी तिने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मारा केला. त्यानंतर सुरुंगाचा तडाखा खाऊनही फ्रान्समधलं ब्रेस्ट आणि नोव्हेंबरात नेदरलँड्समधल्या वाल्खेरेनपर्यंत ती तोफा डागत राहिली. किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या मोर्चांना वेग नसतो, त्यामुळे टेबलचं अर्धं काम आपोआप कमी झालं होतं. १९४७ मध्ये भंगारात काढून ओढत नेताना वादळात दोर तुटला आणि ती कॉर्नवॉलच्या खडकांवर चढली. तिला जागेवरच तोडायला पुढची काही वर्षं लागली.