व्हार्क आणि कोल्ब : टीम चालवताना कोणती ‘लर्निंग स्टाइल’ विचारात घ्यावी?

कंपन्यांमधील प्रशिक्षणवर्गांत ‘लर्निंग स्टाइल’ म्हणजे शिकण्याची शैली या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या मांडण्या सर्रास एकत्र केल्या जातात : नील फ्लेमिंग यांची व्हार्क आणि डेव्हिड कोल्ब यांची अनुभवातून शिकण्याची मांडणी. दोन्हींत प्रश्नावली आहे आणि मूळ रूपात दोन्हींत चार प्रकार आहेत. घोटाळा व्हायला तेवढे पुरते.

न्यूझीलंडचे फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये तयार केलेली व्हार्क एवढेच विचारते की, माहिती कशी मिळालेली तुम्हाला आवडते : आकृती पाहून, ऐकून, वाचून-लिहून की प्रत्यक्ष करून. आवड असते हे खरेच. पण त्या आवडीप्रमाणे शिकवल्याने माणूस अधिक चांगले शिकतो, याला पुरेसा आधार नसल्याचे मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००८ साली उपलब्ध संशोधन तपासताना आढळले. त्यामुळे ‘तो व्हिज्युअल (आकृती पाहून शिकणारा) आहे, त्याला लांबलचक रिपोर्ट देऊ नका’ हे टीम लीडरचे धोरण मला लाडाचेच वाटते. वायरिंगला आकृती लागते आणि कराराच्या अटी वाचाव्याच लागतात, मग समोरचा कोणत्याही प्रकारचा असो.

कोल्ब यांचा प्रश्न निराळा आहे. १९८४ मध्ये त्यांनी सविस्तर मांडल्याप्रमाणे शिकणे हे अनुभव, त्यावरचा विचार, त्यातून बांधलेली संकल्पना आणि तिची प्रत्यक्ष चाचणी अशा चक्रातून होते, आणि प्रत्येक जण या चक्राच्या एखाद्या भागात अधिक रमतो. सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापण्याच्या यंत्रावर, अचानक जॉब (तयार होणारे सुटे भाग) रिजेक्ट होऊ लागले, अशी कल्पना करा. एक ऑपरेटर ताबडतोब ऑफसेट (टूलच्या जागेचे मशीनमधले माप) बदलून पुढचा जॉब लावतो. दुसरा आधी रिजेक्शनचे रजिस्टर उघडून हे कोणत्या शिफ्टपासून सुरू झाले ते पाहतो. तिसऱ्याला टूल झिजले की फिक्स्चर (जॉब घट्ट धरून ठेवणारी पकड) सैल झाले, याचे कारण सापडल्याशिवाय चैन पडत नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, पण पहिल्याला दुसरा वेळकाढू वाटतो आणि दुसऱ्याला पहिला उतावळा, आणि ज्याला आपण स्वभावाचे भांडण म्हणतो ते पुष्कळदा एवढेच असते.

येथे सुपरवायझरची स्वतःची शैली सर्वांत महाग पडते, कारण बैठकीचा वेग तोच ठरवतो. तो पहिल्या ऑपरेटरसारखा असेल तर ऑफसेट बदलून उत्पादन सुरू होते, रजिस्टर मिटलेलेच राहते आणि खरा दोष सैल फिक्स्चरचा असल्यास पुढच्या आठवड्यात तोच रिजेक्शनचा ढीग पुन्हा समोर येतो. उलट, तो कारणांच्या मागे लागणारा असेल तर विश्लेषण उत्तम होते आणि डिस्पॅच रखडतो. अशा सुपरवायझरने आपल्याच वळणाची माणसे जवळ करण्याऐवजी, चक्रातला जो टप्पा त्याच्याकडून नेहमी सुटतो तो सांभाळणाऱ्याला बैठकीत आधी बोलू द्यावे.

मात्र कोल्ब यांची प्रश्नावलीही जपूनच वापरावी लागते. शैली ही कायमची छाप नसून परिस्थितीनुसार बदलते, असे स्वतः कोल्ब यांचेच म्हणणे आहे. शिवाय तिच्यात पर्यायांना क्रम लावायचा असल्याने एका बाजूचे गुण वाढले की दुसऱ्या बाजूचे आपोआप घटतात. म्हणजे ती एकाच माणसाचा कल दाखवते, दोन माणसांची तुलना करत नाही, आणि म्हणूनच भरती किंवा बढतीच्या फाइलमध्ये तिला जागा नसावी.