दांडी ओलांडतो तो, पाय उचलतो आपण

५ ऑगस्ट २०२४. स्वीडनचा आर्मांड डुप्लांटिस पॅरिसमध्ये बांबूउडीचं ऑलिंपिक सुवर्ण केव्हाच खिशात घालून बसला होता. तरी ६.२५ मीटरवर ठेवलेल्या दांडीकडे तो पुन्हा धावत निघाला. दोन प्रयत्न वाया गेलेले, हा तिसरा. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. तो वर गेला आणि इकडे सोफ्यावर माझा उजवा पाय आपसूक उचलला गेला. टीपॉयवरचा तांब्या कलंडला. विश्वविक्रम त्याचा, फरशी पुसायची मी.

हा पाय उचलतो कोण? १८५२ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी लंडनमध्ये याला 'आयडिओमोटर' असं नाव दिलं. हालचालीची नुसती कल्पना मनात घट्ट बसली तरी स्नायू नकळत हलतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी प्रेतात्म्यांच्या बैठकीतली 'आपोआप' फिरणारी टेबलं तपासली. टेबलावर हात ठेवून बसलेली मंडळीच, स्वतःला पत्ता न लागता, ती ढकलत होती. आपल्या पाणाड्याच्या हातातली काटकी वळते तीही अशीच. तिला वळवतं ते जमिनीखालचं पाणी नव्हे, 'इथे पाणी असावं' हा त्याच्या मनातला अंदाज. बोअर कोरडी गेली की पैसे मात्र शेतकऱ्याचे बुडतात.

आता खरी गंमत. १९९५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी माणसांना दुसऱ्याचा हात वस्तू उचलताना दाखवला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतल्या हालचालींच्या केंद्राला कवटीबाहेरून चुंबकीय झटका दिला. एरवीही अशा झटक्याने हाताचे स्नायू किंचित आखडतात. पण कृती पाहत असताना ते जास्त आखडले, आणि तेही नेमके ती कृती करायला लागणारे स्नायू! म्हणजे पाहणाऱ्याचा मेंदू त्या हालचालीची तयारी करून बसलेला असतो.

मग आपण सगळे टीव्हीसमोर उड्या का मारत नाही? इथे पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू मध्ये पडतो. २००१ मध्ये प्रतिक्षिप्त क्रिया मोजून पाहिल्या, तर चित्र उलटं निघालं. पडद्यावरचा हात मिटत असताना पाहणाऱ्याच्या हात मिटणाऱ्या स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया कमी झाली, हात उघडताना वाढली. मेंदू 'चल' म्हणतोय आणि खालची चौकी नेमकं त्याच्या उलट वागतेय. संशोधकांचा अर्थ असा, की पाहिलेली हालचाल खरोखर घडू नये म्हणून हा ब्रेक असावा. (हा परिच्छेद मीही दोनदा वाचून समजून घेतला, तेव्हा संकोच नको.) माझा ब्रेक त्या रात्री जरा सैल पडला, एवढंच.

याच संशोधनाच्या आगेमागे इटलीतच पार्मा इथे माकडांच्या मेंदूत 'आरसा-पेशी' (कृती स्वतः करताना आणि दुसऱ्याला करताना पाहतानाही जाग्या होणाऱ्या) सापडल्या आणि मग त्यांच्या नावावर सहानुभूतीपासून संस्कृतीपर्यंत काहीही खपवलं गेलं. तेवढ्या टोकाला जाऊ नये. धावण्याची चित्रफीत धावणाऱ्याच्या नजरेतून पाहिली तर बसल्या जागी नाडी आणि श्वास थोडे वाढतात, हे मोजलं गेलंय. त्याने पोट उतरत नाही. आणि 'मी खुर्चीतून उठलो की विकेट पडते' म्हणणाऱ्यांच्या घरी कुठलीच पेशी उपयोगाची नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००५ चा लंडनमधला प्रयोग. बॅले नर्तकांना आणि ब्राझीलच्या कापोएरा या नाचासारख्या युद्धकलेच्या खेळाडूंना दोन्ही शैलींच्या चित्रफिती दाखवल्या. स्वतः शिकलेली शैली पाहताना मेंदूतली हालचालींशी संबंधित केंद्रं जास्त जागी झाली. अंगात मुरलेलं असतं तेच डोळ्यांना जास्त दिसतं. बांबू हातात मी जन्मात धरला नाही, पण पावसाळ्यात डबकी पुष्कळ ओलांडली आहेत. पाय बहुधा त्या जोरावर उचलला गेला.

म्हणून सकाळी पळायला जाण्याआधी मी बांबूउडी लावत नाही. लावतो बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली स्टीपलचेस. ३००० मीटर, २८ अडथळे, सात पाणउड्या, आणि शेवटी सुवर्ण हुकतं ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. शेवटच्या फेरीपर्यंत माझ्या पोटऱ्या शिवशिवायला लागलेल्या असतात. बुटांच्या नाड्या मी त्याच फेरीत बांधतो. तांब्या आधीच ओट्यावर नेऊन ठेवलेला असतो.