पोळ्याचा मध

पोळ्याचा मध : मधमाश्यांनी मेणाच्या कोठड्यांत साठवून वरून झाकणबंद केलेला आणि तापवल्याशिवाय खाल्ला जाणारा मध. तो पोळ्याच्या तुकड्यासकट चघळतात किंवा पोळ्यातून निथळवून, जाड फडक्यातून गाळून बाटलीत भरतात. या दुसऱ्या प्रकाराला हल्ली दुकानात ‘कच्चा मध’ म्हणतात. (गोव्यात न्याहारीला पोळे मागितले, तर तव्यावरचे येते. त्याचा या नोंदीशी संबंध नाही.)

‘कच्चा’ हा शब्द घोटाळ्याचा आहे. गिऱ्हाईक तो ‘न तापवलेला’ या अर्थाने घेते. मधपाळाच्या तोंडी मात्र कच्चा मध म्हणजे पातळ, न पिकलेला, अजून झाकण न पडलेला मध. फुलातून आणलेल्या मकरंदात निम्म्याहून जास्त पाणी असते. कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडात देत-घेत त्यात पाचक रस मिसळतात आणि रात्रभर पंखांनी वारा घालून पाणी उडवतात. पाणी साधारण वीस टक्क्यांच्या आसपास उतरले की कोठडीवर मेणाचे झाकण बसते. म्हणून पोळ्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश कोठड्या बंद झाल्याशिवाय जाणता मधपाळ पेटीतली पोळ्याची चौकट उचलत नाही. चौकट आडवी धरून झटका दिल्यावर थेंब गळले, तर तो मध घाईचा. असा मध बाटलीत फसफसतो आणि झाकण उघडताच आंबूस वास येतो. थोडक्यात, बाजाराच्या भाषेतला चांगला ‘कच्चा’ मध हा मधपाळाच्या भाषेत पुरता पिकलेला असावा लागतो.

महाराष्ट्रात पोळ्याचा मध मुख्यतः तीन माश्यांचा. आग्या माशी उंच झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भलेमोठे उघडे पोळे बांधते. मध पोळ्याच्या वरच्या जाड भागात असतो, खाली पिल्ले. जुन्या रीतीत धूर करून, रात्री मोहोळ झाडून अख्खे पोळे कापत आणि पिल्लांसकट पिळत. तो मध गढूळ होई, लवकर आंबे आणि वसाहतही जाई. आता अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापण्याची पद्धत शिकवली जाते. पिल्लांचा भाग तसाच राहिला, तर माश्या सहसा तिथेच टिकतात. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी लावते, म्हणून ती पेटीत पाळता येते. तिसरी फुलोरी. तिचे तळहाताएवढे पोळे बाभळीच्या किंवा कुंपणाच्या डहाळीभोवती गुंडाळलेले असते. गावाकडची पोरे फुंकर मारून माश्या उठवतात, डहाळी मोडतात आणि वरचा मधाचा फुगवटा काडीवरूनच चोखतात. वाटणीवरून भांडण ठरलेले. इटालियन माशीच्या पेट्या व्यापारी शेतीत दिसतात. तिचा मध बहुधा यंत्रात पोळे फिरवून काढतात, त्यामुळे रिकामे पोळे माश्यांना परत देता येते. पोळे विकणे महाग पडते ते यामुळेच. एक किलो मेण घडवायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात, असा मधपाळांचा ठोकताळा आहे.

पेटीतले पोळे खाण्यासाठी द्यायचे असेल, तर चौकटीत तार आणि पोळ्याला पाया म्हणून लावतात तो जाड मेणपत्रा घालत नाहीत. नाहीतर चघळताना मध्येच जाड पापुद्रा आणि तार लागते. खाण्याचे पोळे पांढरट, कोवळे आणि पिल्ले कधीच न वाढलेले असावे. ज्या कोठड्यांत पिल्ले झाली, त्या काळपट आणि चिवट होतात. काही आदिवासी समाजांत पिल्लांचा भागही भाजून आवडीने खातात, पण ती चवच वेगळी.

मधाचे घर म्हणून महाराष्ट्रात पहिले नाव महाबळेश्वरचे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथे आहे, मंडळ ‘मधुबन’ नावाने मध विकते आणि तालुक्यातले मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथल्या मधाला जांभूळ, गेळा, हिरडा अशा झाडांची चव असते. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडसर; साखरेच्या गोडीला सरावलेल्या जिभेला तो पहिल्यांदा ‘बिघडलेला’ वाटतो. कारवीचा मध दरवर्षी मिळत नाही, कारण कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते.

रोजच्या जेवणात मधाची जागा मराठी घरात फार मोठी नव्हती. पंचामृतात चमचाभर, लग्नात मधुपर्कात आणि एरवी औषधाच्या फडताळात: आल्याच्या रसात, सितोपलादी चूर्णाच्या चाटणात. पोळे हाती आलेल्या दिवशी मात्र ते तिथल्या तिथे संपे. तांदळाच्या गरम भाकरीवर पोळ्याचा तुकडा ठेवावा. मेण मऊ पडते, मध भाकरीच्या पापुद्र्यात उतरतो. मेण वितळत नाही, त्याला बासष्ट-त्रेसष्ट अंश उष्णता लागते. ते पचतही नाही, पण थोडे पोटात गेले तर बिघडत नाही. बहुतेक लोक उसासारखे चघळून चोथा टाकतात. दह्याबरोबर किंवा गार झालेल्या घावनावर हा मध छान लागतो. उकळत्या चहात घालणे म्हणजे दाम देऊन साखर पिणे. सुवास उडून जातो. आयुर्वेदानेही तापवलेला मध वर्ज्य सांगितला आहे.

शेवटी मध ही साखरच. शंभर ग्रॅममध्ये सुमारे तीनशे कॅलरी असतात, त्यामुळे मधुमेहींनी ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, कच्चाही नाही आणि कारखान्यातलाही नाही. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते मोठ्यांच्या आतड्यात सहसा वाढत नाहीत, तान्ह्याच्या वाढू शकतात. बारशाच्या आधीच आजी बोट बुडवून तयार असते, तिला हे समजावणे सोपे नसते.

रवा धरलेला मध भेसळीचा, ही समजूत चुकीची आहे. ग्लुकोज जास्त असलेला शुद्ध मधच लवकर थिजतो, थंडीत तर हमखास. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो सुटतो. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून केलेल्या घरगुती परीक्षांवर भरवसा ठेवता येत नाही. पाक घट्ट केला की तोही उत्तीर्ण होतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० साली नावाजलेल्या मधांची तपासणी केली, तेव्हा नेहमीच्या चाचण्या चुकवणारे साखरेचे पाक त्यांत मिसळल्याचे पुढे आले. रस्त्यावर बादलीत पोळ्याचा तुकडा तरंगताना दिसतो, त्यावर घोंघावणाऱ्या माश्याही खऱ्या असतात; पण माश्या गुळाच्या पाकावरही येतात. झाकणबंद कोठड्यांचे अख्खे पोळे मात्र बनवून विकणे अवघड. माश्यांना पाक पाजून ते भरवता येते, एवढी एक पळवाट उरतेच.

पोळे घरी आणल्यावर एक रात्र बर्फाच्या कप्प्यात ठेवले, तर मेण खाणाऱ्या अळीची अंडी मरतात. नंतर ते काचेच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवतात. चोथा बराच साठला तर गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळतात. पाणी गार झाले की वर पिवळी चकती धरते. ती शिवणाच्या दोऱ्याला घासायला आणि तेलात वितळवून टाचेच्या भेगांवर लावायला उपयोगी पडते.