माणसाची उत्क्रांती थांबली, हा समज आला कुठून?

भविष्यातला माणूस रंगवायचा म्हटलं की भलंमोठं डोकं आणि काटकुळे हातपाय हमखास दिसतात. या चित्रामागचा विचार फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८०९ मध्ये मांडलेला: वापरलेला अवयव वाढतो, न वापरलेला खुरटतो आणि तो बदल मुलांत उतरतो. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेल्या नैसर्गिक निवडीचा हिशेब निराळा. कोणाची किती मुलं जगली, एवढंच ती मोजते.

याच हिशेबावर बोट ठेवून विसाव्या शतकात अनेकांनी माणसाची उत्क्रांती संपल्याचं सांगितलं. औषधांमुळे बहुतेक मुलं जगतात, मग निवड कशाची होणार? तर्क बिनतोड वाटतो, पण पुरावा उलट सांगतो. दूध पचवणारं लॅक्टेज हे विकर पूर्वी बालपणानंतर बहुतेकांच्या शरीरात कमी होत असे. आजही जगातल्या बहुसंख्य प्रौढांचं तसंच होतं. गुरं पाळणाऱ्या समाजांत मात्र गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत ते आयुष्यभर टिकवणारे जनुकीय बदल पसरले, आणि युरोपात व पूर्व आफ्रिकेत ते स्वतंत्रपणे झाले. म्हणजे संस्कृतीने उत्क्रांती थांबवली नाही, उलट तिला नवी दिशा दिली. माझ्या मते या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण हेच.

शिवाय कच्चा माल संपलेला नाही. प्रत्येक बाळ आईवडिलांत नसलेले साधारण साठ-सत्तर नवे जनुकीय बदल घेऊन जन्मतं. वडिलांचं वय जास्त तर ते आणखी जास्त. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या हृदयरोगाच्या पाहणीतल्या नोंदी २००९ मध्ये उत्क्रांतीच्या अंगाने तपासल्या गेल्या. तिथल्या बायकांमध्ये किंचित बुटकेपणा, थोडा स्थूलपणा आणि कमी कोलेस्टेरॉल यांच्या बाजूने निवड होताना दिसली. मोठ्या डोक्याच्या चित्रापुढे हे फारच साधं, पण मोजलेलं आहे.

२०१२ मध्ये क्रिस्पर हे जनुकं कापण्याचं साधन हाती आलं आणि निवड माणसानेच करायची शक्यता पुढे आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनचे शास्त्रज्ञ ‘हे ज्यानक्वे’ यांनी भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. त्यात बदलतात त्या रक्त तयार करणाऱ्या पेशी. रुग्णाच्या मुलांकडे मात्र जुनंच जनुक जातं.